पहिली अमेरिकी बिअर घरी: मक्याच्या क्रीम एलपासून सुरुवात

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी 'घरी बिअर करून बघायची आहे, कुठून सुरू करू?' असं विचारलं की मी एकच नाव सांगते: क्रीम एल. नावात क्रीम असलं तरी तिच्यात दुधाचा थेंब नसतो. फिकट सोनेरी रंग, हलकं अंग, मक्याचा किंचित गोडवा आणि जेमतेम जाणवेल एवढा कडूपणा. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची जेनेसी क्रीम एल १९६० पासून बाजारात आहे. आमच्या सिनसिनाटीत लिटल किंग्ज या क्रीम एलचं नाव घरोघरी माहीत असतं. नवशिक्यानं झणझणीत हॉप्सची (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) आयपीए ही बिअर करायला घेतली तर चुका हॉप्सखाली झाकल्या जातात. क्रीम एलमध्ये काही झाकलं जात नाही, म्हणून शिकायला तीच चांगली. शिवाय एकदा ती जमली की तिच्यात एकेक जिन्नस बदलत पुढच्या चार-पाच शैलींपर्यंत पोचता येतं.

सुरुवात कायद्यापासून. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरगुती बिअरला केंद्रीय कायद्यात जागा मिळायला १९७८ उजाडलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या विधेयकावर सही केली. आता घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३८० लिटर), दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन बिअर स्वतःसाठी करता येते. विकता मात्र येत नाही, एक बाटलीसुद्धा नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते आधी बघून घ्या; अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ मध्ये परवानगी दिली. हा लेख महाराष्ट्रात बसून वाचत असाल तर स्पष्ट सांगते: तिथे परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे. वाचा, समजून घ्या, पण चूल पेटवू नका.

मका आला कुठून

प्रयोग करायचे असतील तर ही गोष्ट आधी माहीत हवी. अमेरिकी बिअरच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शैलीच्या मुळाशी कसली तरी टंचाई किंवा अडचण आहे. वसाहतींच्या काळात माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेलं सातू, दुर्मीळ होतं, म्हणून लोक काकवीसारखी मळी, भोपळा, स्प्रूस झाडाचे कोवळे शेंडे असं हाताशी असेल ते वापरत. जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७५७ च्या वहीत हलक्या बिअरची एक कृती आहे, तिच्यात कोंडा, हॉप्स आणि मळी आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन मंडळी आली. त्यांच्या हाती लागलं इथलं सहा ओळींच्या कणसाचं सातू. त्यात प्रथिनं जास्त, त्यामुळे बिअर जड आणि गढूळ व्हायची. पण त्याच सातूत पिष्टाची साखर करणारी विकरंही भरपूर होती, स्वतःचं पिष्ट मोडून वर आणखी धान्याला पुरतील इतकी. मग त्यांनी मका आणि तांदूळ मिसळला. प्रथिनांचं प्रमाण उतरलं, बिअर स्वच्छ आणि हलकी झाली. मक्याला 'स्वस्तातली भेसळ' म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. इथल्या सातूला मक्याची जोड शोधून काढणं हे मोठं कौशल्याचं काम होतं.

म्हणून नवा जिन्नस घालण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा बिअरमध्ये कोणतं काम करणार आहे? साखर देणार, अंग हलकं करणार, रंग देणार की वास? उत्तर नसेल तर तो जिन्नस या खेपेला राहू द्या.

सामान

मी इथे दहा लिटरचं प्रमाण देते. पाच गॅलनची मोठी खेप पहिल्यांदा झेपत नाही, आणि बिघडली तर वाईट जास्त वाटतं. सुमारे १९ लिटरचं स्टीलचं पातेलं, त्यात सैल बसेल अशी बारीक जाळीच्या कापडाची पिशवी, थर्मामीटर, हायड्रोमीटर (विरघळलेल्या साखरेचा अंदाज देणारी, द्रवाची घनता मोजायची नळी), ग्रॅममध्ये मोजणारा काटा, पंधरा-वीस लिटरची झाकणाची प्लॅस्टिकची बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झाकणावरची नळी), सायफनची नळी, तळाला तोटी असलेली दुसरी बादली, २६-२८ तपकिरी बाटल्या आणि बुचं बसवायचं यंत्र. बाटल्या जुन्या चालतात, पण फिरवून उघडायच्या बुचांच्या नकोत, त्यांच्यावर साधं बूच नीट बसत नाही. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्सला उग्र दर्प येतो, म्हणून तपकिरीच.

जिन्नस असे: फिकट टू-रो (दोन ओळींच्या कणसाच्या सातूचं) माल्ट १.८ किलो, दुकानातूनच भरडून घेतलेलं. मक्याचे फ्लेक्स ५०० ग्रॅम. क्लस्टर हॉप्स १५ ग्रॅम. यूएस-०५ हे सुकं यीस्ट ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी पुडी. बाटल्या भरताना लागणारी साधी साखर ६५ ग्रॅम. क्लस्टर ही जुनी अमेरिकी जात आहे. दारूबंदीच्या आधीच्या बिअरचा कडूपणा बहुतेक तिचाच असायचा.

मक्याच्या फ्लेक्सऐवजी मक्याचं पीठ किंवा भरडा घेऊ नका, निदान पहिल्यांदा तरी. फ्लेक्स वाफवून दाबलेले असतात, त्यामुळे त्यातलं पिष्ट आधीच फुललेलं असतं. भरडा वापरायचा तर आधी पाण्यात उकड काढावी तसा शिजवून घ्यावा लागतो, नाहीतर त्यातली बरीचशी साखर तुम्हाला मिळतच नाही.

बिअर शिजवण्याचा दिवस

चार-पाच तास मोकळे ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरामिन (पाणी जंतुरहित ठेवायला घालतात ते रसायन) असेल तर ते नुसतं उकळून लवकर जात नाही, आणि बिअरला औषधी पट्टीसारखा वास येतो. सोळा लिटर पाण्याला कॅम्पडेनची पाव गोळी चुरून टाकली की काही मिनिटांत ते निष्प्रभ होतं. या सोळा लिटरपैकी साडेतेरा लिटर पातेल्यात घ्या, अडीच लिटर बाजूला ठेवा.

पाणी ६९-७० अंश सेल्सिअसला आणा आणि आच बंद करा. पिशवी आत सोडून पातेल्याच्या कडेवर उलटवा, मग भरडलेलं माल्ट आणि मका थोडा थोडा घालत ढवळा. रव्याच्या जशा गुठळ्या होतात तशा इथेही होतात, त्या फोडल्याच पाहिजेत. सगळं मिसळल्यावर थर्मामीटर ६६ च्या आसपास दाखवेल, म्हणजे साधारण १५१ फॅरनहाइट. झाकण ठेवा, जुन्या रजईत पातेलं गुंडाळा आणि तासभर सोडा. याला मॅश म्हणतात. या तासात विकरं पिष्टाची साखर करतात. तापमान ७० च्या वर राहिलं तर न आंबणाऱ्या साखरा जास्त तयार होतात आणि बिअर जड, गोडसर लागते. ६४ च्या आसपास राहिलं तर ती अधिक कोरडी होते. एक-दोन अंश इकडेतिकडे झाले तर घाबरू नका, फक्त लिहून ठेवा.

तासाभरानं पिशवी उचला. ती जड आणि गरम असते, दोघं असाल तर बरं. बाजूला ठेवलेलं पाणी ७५ अंशांपर्यंत गरम करून पिशवीवरून हळूहळू ओता, पिशवी निथळू द्या, हलकेच दाबा. हाती आलेल्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. चमचाभर चाखून बघा, माल्टचा तो गोडवा पुढे कामाला येतो.

आता उकळी. पहिल्या दहा मिनिटांत फेस उसळून ओट्यावर येतो, दुधासारखं लक्ष ठेवा. फेस बसला की एका तासाचं घड्याळ लावा आणि १० ग्रॅम क्लस्टर घाला. झाकण ठेवू नका. उकळताना सातूतून तयार होणारं गंधकाचं एक संयुग वाफेबरोबर निघून जातं; झाकण ठेवलं की ते परत आत ठिबकतं आणि डब्यातल्या शिजलेल्या मक्यासारखा वास येतो. तासातली शेवटची दहा मिनिटं उरली की बाकीचे ५ ग्रॅम हॉप्स घाला.

आच बंद केल्यापासून पुढे वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. आधी धुतलेली, मग निर्जंतुक केलेली. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मळकट बादलीवर कोणतंही द्रावण चालत नाही. मी स्टार सॅन वापरते, १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर. त्याचा फेस बादलीत राहिला तरी चालतो, पुन्हा नळाखाली धरू नका. चमचा, झाकण, एअरलॉक, यीस्टची पुडी कापायची कात्रीसुद्धा त्यात बुडवा.

पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला. १८ अंशांपर्यंत यायला अर्ध्या तासाहून जास्त लागू शकतं. इथे घाई नको. गरम दुधाला विरजण लावत नाही, तसंच हे. गार झालेलं वर्ट बादलीत उंचावरून ओता, त्यातून यीस्टला लागणारा प्राणवायू मिसळतो. याच्यापुढे मात्र बिअरला हवेचा वारा लागू द्यायचा नाही. थोडं वर्ट काढून हायड्रोमीटरनं मोजा, १.०४८ च्या जवळपास यावं. आकडा वहीत लिहा. यीस्ट वरून भुरभुरवा, झाकण लावा, एअरलॉकमध्ये पाणी भरा.

दोन आठवडे

बादली अंधाऱ्या, १८ ते २० अंशांच्या जागी ठेवा. बारा ते चोवीस तासांत बुडबुडे सुरू होतात. आंबताना वर्ट स्वतः गरम होतं, म्हणून खोली २४ ची असेल तर आत त्याहून जास्त असतं आणि बिअरला फळांचा, कधी सॉल्व्हंटसारखा वास येतो. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात उभी करून तिच्याभोवती ओला टॉवेल गुंडाळला तरी फरक पडतो.

चार-पाच दिवसांत बुडबुडे मंदावतात. ते थांबले म्हणजे बिअर झाली असं नाही, आणि हे मी अनुभवानं सांगते. माझ्या तिसऱ्या खेपेला तळघरातलं तापमान १३-१४ पर्यंत उतरलं होतं. एअरलॉक गप्प झाला, मी आकडा न मोजता बाटल्या भरल्या आणि वर आणल्या. घरातल्या उबेत अर्धवट थांबलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागलं आणि आठवड्याभरात तीन बाटल्या फुटल्या. कपाटाच्या दाराला आतून काचा रुतल्या होत्या. त्या वेळी तिथे कुणी नव्हतं, याचं मला आजही बरं वाटतं. म्हणून दोन आठवड्यांनी मोजा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडा तोच आणि १.०१० च्या आसपास असेल तरच पुढे जा. १.०४८ वरून १.००९ ला आली तर अल्कोहोल साधारण ५ टक्के होतं. मोजलेला नमुना चाखा, परत बादलीत ओतू नका.

बाटल्या

६५ ग्रॅम साखर वाटीभर पाण्यात उकळून गार करा आणि तोटीच्या बादलीत ओता. तिच्यावर सायफननं बिअर अलगद सोडा, तळाचा गाळ मागे ठेवा. नळीचं टोक बिअरमध्ये बुडालेलं असू द्या, शिंतोडे उडाले तर काही आठवड्यांनी ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटलीत वर दोन-तीन सेंटिमीटर जागा ठेवून बुचं बसवा. साखर डोळ्यांच्या अंदाजानं घालू नका, काट्यावर मोजा. २० ते २२ अंशांत दोन आठवडे, मग एकच बाटली फ्रिजमध्ये ठेवून उघडून बघा. फेस आला तर बाकीच्या आत टाका. ओतताना तळाचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या, तिथे यीस्ट बसलेलं असतं.

आता प्रयोग

हीच कृती निदान एकदा जशीच्या तशी पुन्हा करा. दोन्ही खेपा सारख्या लागल्या की तुमचा हात बसला, आणि मग केलेला बदल खरोखर त्या जिन्नसाचा आहे हे कळतं. एका खेपेला एकच बदल.

मला सगळ्यांत आवडणारा पहिला बदल भारतीय दुकानातून येतो: मक्याऐवजी तेवढेच, म्हणजे ५०० ग्रॅम जाड पोहे. पोहे करताना भात भिजवून, भाजून चपटा करतात, त्यामुळे त्यातलं पिष्ट फुललेलं असतं आणि पोहे थेट मॅशमध्ये जातात. तांदूळ घालणं अमेरिकी परंपरेला धरूनच आहे, बडवायझर अनेक पिढ्या तांदूळ वापरत आली आहे. पोह्यांची बिअर मक्याच्या बिअरहून कोरडी आणि आणखी फिकट होते, मक्याचा गोलसर गोडवा जातो. पोहे पिशवीच्या तळाशी चिकटतात, ढवळत राहा. मीठ-मसाला लावलेले किंवा तळलेले चालणार नाहीत. तेलानं फेस मरतो.

दुसरा बदल गुळाचा. वॉशिंग्टनच्या मळीचा हा आपल्याकडचा भाऊ. पाव किलो मका कमी करा आणि उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत, आच बंद करून, १५० ग्रॅम गूळ विरघळवा, मग पुन्हा आच लावा. आचेवर टाकला तर तळाला करपतो. गूळ घातला म्हणजे बिअर गोड होईल ही अपेक्षा ठेवू नका. त्याची जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं. मागे उरतो तो पातळपणा आणि एक खोल, किंचित खारट, रमकडे झुकणारा स्वाद. गडद गूळ घेतला तर तो जास्त जाणवतो. मला तो हिवाळ्यात आवडतो.

धने, वेलदोडे यांना उकळीत टाकण्यापेक्षा त्यांचा अर्क काढलेला बरा. दोन वेलदोडे ठेचून ३० मिलिलिटर व्होडकात तीन-चार दिवस ठेवा, गाळा. तयार बिअरच्या १०० मिलिलिटरच्या पेल्यात थेंबाथेंबानं घालून चाखा. अर्धा मिलिलिटर बरोबर वाटला तर ३.८ लिटरच्या गॅलनभर बाटलीला १९ मिलिलिटर लागेल. वेलदोडा एकदा जास्त झाला की मागे घेता येत नाही.

आंब्याचा रस डब्यातला चालतो, पण लेबल वाचा. सोर्बेट किंवा बेंझोएट असेल तर यीस्ट अडतं. पहिला जोर ओसरल्यावर एका गॅलनला ४०० ग्रॅम घाला, वर भरपूर रिकामी जागा ठेवा. आंबणं पुन्हा जोरात सुरू होतं, म्हणून दोनदा मोजण्याचा नियम इथे पुन्हा पहिल्यापासून लागू.

मग जुन्या शैलींकडे वळा. स्टीम बिअर सान फ्रान्सिस्कोची. सोन्याच्या शोधात माणसं तिथे लोटली, बर्फ मिळत नव्हता, म्हणून एरवी थंडीत आंबवायच्या लागर बिअरचं यीस्ट उबेतच वापरलं गेलं. ती शैली टिकली अँकर ब्रुअरीमुळे. बंद पडायला आलेली ती ब्रुअरी १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी हाती घेतली. २०२३ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं तेव्हा या छंदातल्या आम्हा अनेकांना घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं. घरी करायची तर मका काढा, टू-रो २.२ किलो आणि मध्यम क्रिस्टल, म्हणजे कॅरॅमल, माल्ट २०० ग्रॅम घ्या. नॉर्दर्न ब्रुअर हॉप्स सुरुवातीला १५ ग्रॅम आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत १०. १५-१६ अंशांत चालणारं कॅलिफोर्निया लागर यीस्ट घाला.

लुईव्हिलची केंटकी कॉमन त्याहून सोपी. मूळ कृतीच ठेवा, मका थोडा वाढवा, थोडं कॅरॅमल माल्ट आणि ३०-४० ग्रॅम काळं माल्ट घाला. रंग लालसर तपकिरी होतो, चव मात्र हलकीच राहते. जुन्या काळी ती काही दिवसांतच पिऊन संपवत, तुम्हीही फार ठेवू नका.

पेल एल हवी असेल तर बदल हॉप्सचा. कॅस्केड ही जात ओरेगॉनमधल्या संशोधनातून १९७२ मध्ये बाहेर आली, अँकरच्या लिबर्टी एलमध्ये १९७५ ला दिसली आणि चिको गावच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीनं १९८० पासून तिला घरोघरी पोचवलं. पपनसाच्या सालीसारखा तिचा वास येतो. कडूपणाला सुरुवातीचं क्लस्टर ठेवा, मक्याच्या जागी माल्ट घ्या, आणि आच बंद करताना २५ ग्रॅम कॅस्केड घाला.

यीस्ट, अर्क किंवा फळ बदलून बघायचं असेल तर दहा लिटर वर्ट गॅलनच्या दोन काचेच्या बरण्यांत वाटून घ्या. वर थोडी जागा सोडा, उरलेलं तिसऱ्या लहान बाटलीत. एक बरणी साधी, एक बदललेली. तयार झाल्यावर मित्राला तीन पेले भरायला सांगा, दोन एकाच बिअरचे आणि एक दुसरीचा, कोणता कुठला ते तुम्हाला न सांगता. वेगळा पेला ओळखता येतो का बघा, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघा, कारण एकदा नशिबानंही ओळखता येतो. दोन्ही वेळा चुकलात तर पुढच्या खेपेला तो जिन्नस दुप्पट करा, नाहीतर सोडून द्या.